थोडीशी साखर

दोंगगांग,
१७ जानेवारी

ती. युएग्वेईताईस,
थिएनफूचा नमस्कार. इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत. बंदरावर वारा सुटलाय, गोदीतली माणसं कान बांधून हिंडतात. जावयाची बोट हिंदी महासागरात आहे असं कंपनीकडून कळलं. चुंगयेनचा फोन महिन्यातून एकदा येतो. अर्धा वेळ इंजिनाचा आवाज, उरलेला वेळ "बाळ लाथा मारतंय का?" भाऊजींचा खोकला बरा असेल. तुमच्याकडे फळं उतरवायला सुरुवात झाली असेल. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेली सीताफळांची ही दुसरी पेटी परत करतो आहे. पट्टीसुद्धा काढलेली नाही. पिकून फुटली तर दोष माझा नाही, तुझा.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला तू मध्येच तोडू शकत नाहीस.

आता नीट वाच. माझ्या पेइशानला गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा लागला. दवाखान्यात उपाशीपोटी नेऊन तिला साखरेचं पाणी पाजलं आणि तीनदा रक्त घेतलं. पहिले दोन आकडे मर्यादेत. तिसरा, दोन तासांनंतरचा, मर्यादेपेक्षा तीनने जास्त. डॉक्टर म्हणाले, "सौम्य आहे, घाबरू नका. पण तिन्हींतला एक जरी चुकला तरी आम्ही धरतो." आहार बदलायचा, जेवणानंतर चालायचं, दिवसातून चार वेळा बोट टोचून साखर बघायची. औषध नाही, सुई नाही. शहाण्या माणसाने एवढं ऐकलं असतं आणि घरी येऊन तसं केलं असतं.

आणि तू काय केलंस? तिने फोन स्पीकरवर लावला होता, मी भिंतीपलीकडे पंखा दुरुस्तीला उघडून बसलो होतो. सगळं ऐकलं. "अगं, थोडीशी साखर कुणाला नसते? छीमिनच्या वेळी माझ्या लघवीतसुद्धा सापडली होती. काय झालं? साडेचार किलोचा निघाला! अख्खं गाव बघायला आलं होतं. डॉक्टरांना काय, पोट दिसलं की सुई टोचायची. तू खा पोटभर, बाळाची कांती उजळेल."

ताई, मी पस्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात आणि बोटींच्या शीतगृहांत घालवली. कुणी शिकवलं नाही. भंगारातले काँप्रेसर खोलून-जोडून शिकलो, जपानी पुस्तकांतली चित्रं बघून शिकलो. माझ्या धंद्यात गॅसची गळती थोडीशी नसते. गळती असते, किंवा नसते. थोडीशी आहे म्हणून जो कप्तान बंदरातून निघतो, तो परत येतो तेव्हा त्याच्या खणातला ट्यूना मांजरंसुद्धा हुंगत नाहीत.

आईच्या रक्तात साखर जास्त झाली की ती नाळेतून पोराकडे जाते. पोर बिचारं ती जिरवायला आपलं इन्सुलिन वाढवतं आणि फुगत जातं. ती कांती नव्हे, चरबी. तुझा साडेचार किलोचा छीमिन बाहेर येताना तुझे काय हाल झाले ते गावाने पाहिलं नाही. मी ऐकलं. दाराबाहेर मीच उभा होतो, भाऊजी फवारणीचं औषध आणायला गेले होते.

तुझ्या स्वतःच्या साखरेबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. तो विषय निघाला की तू चहा ठेवायला उठतेस.

फळं पाठवायची नाहीत. एकही नाही. जेवणात काय द्यायचं ते मी बघतो.

तुझा भाऊ,
थिएनफू


दोंगगांग,
२४ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "तुला राग फार येतो, लहानपणापासून येतो." हे उत्तर झालं? मी साखरेबद्दल लिहिलं, तू माझ्या स्वभावाबद्दल लिहितेस.

इकडे काय झालं ते सांगतो. कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

पेटी परत गेल्यावर मी स्वयंपाक हातात घेतला. तळलेलं बंद, गोड बंद, बाहेरचं बंद. लहानपणी ताप आला, पोट बिघडलं की आई आपल्याला काय द्यायची? पांढऱ्या तांदळाची पेज. म्हटलं, याहून हलकं काय असणार, नुसतं पाणीच तर आहे. मंद आचेवर तीन-तीन तास ढवळत बसायचो. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, सोबत लोणच्याची एक फोड. सीताफळ गेलं, आता साखर उतरणार म्हणून मी निश्चिंत होतो.

साखर चढली. सीताफळं खात होती तेव्हा होती त्याहून वर. मी यंत्रावर संशय घेतला, नवीन पट्ट्या आणल्या, स्वतःचं बोट टोचून ताडून पाहिलं. यंत्र बरोबर होतं. मग दवाखान्यात आहार सांगणाऱ्या लिनबाईंकडे गेलो. बाई कसली, पोरगीच आहे, पेइशानपेक्षा लहान असेल.

"काका, पेज किती वेळ शिजवता?"

"तीन तास. एक दाणा दिसणार नाही." मी ते छाती पुढे काढूनच सांगितलं.

"म्हणजे चावायचं काम चुलीनेच करून ठेवलं. पोटात गेल्या गेल्या तिची साखर होते. यापेक्षा वाटीभर मोकळा भात द्या, लाल तांदळाचा. आणि आधी भाजी, अंडं, मासा, मग भात."

"आमच्याकडे आजाऱ्याला पेजच देतात."

"आमच्याकडेही देतात, काका. माझी आजीसुद्धा हेच करायची."

पेइशान खुर्चीत हसून हसून वाकली. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. गेलो नाही, कारण पुढे काय द्यायचं ते लिहून घ्यायचं होतं.

तेव्हापासून कारल्याचं सूप, टोफू, वाफवलेला मासा, सुकट घालून अंड्याची पोळी आणि जेवणानंतर अर्धा तास धक्क्यावर चालणं. आकडे खाली यायला लागले. पण मधूनच एखाद्या दुपारी उसळी. सकाळी बरोबर, रात्री बरोबर, दुपारी वर. आता एवढं मला कळतं: यंत्र ठरावीक वेळेलाच बिघडत असेल, तर त्या वेळी कुणीतरी हात घालतंय.

आमच्या कारखान्यासमोर आ-ल्वानचा नाश्त्याचा गाडा आहे. मागे तिची एक जुनी फ्रीझरपेटी आहे, ती चालू आहे ती माझ्या कृपेने. परवा दुपारी गेलो आणि झाकण उघडलं. आत गोठवलेली सीताफळं, ओळीने, कागदात गुंडाळून.

"आ-ल्वान, हे काय?"

"दिसत नाही? सीताफळं."

"कुणाची?"

"माझी."

"ही फळं ताइतुंगची. तुला तिथे कोण ओळखतं?"

"तुझी बहीण," ती म्हणाली. तव्यावर घावन उलटत राहिली, मान वर न करता. "आणि फू-दादा, पोरीवर ओरडायचं असेल तर आधी माझ्यावर ओरड. पोटुशी बाई डोळ्यांत पाणी आणून एक फोड मागते, तिला नाही म्हणणारी मी नाही. तुझ्या फ्रीझरची मजुरी कापून घे हवी तर."

मी कधी मजुरी घेतली नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

म्हणजे माझ्या घरी पेटी येणार नाही म्हटल्यावर तू समोरच्या गाड्यावर पाठवलीस. साठी उलटलेली बाई तू! आणि गोठवलेलं फळ कमी गोड लागतं, म्हणून कमी बाधतं, हेही तूच तिला सांगितलंस. ताई, मी थंडीचा धंदा करतो. थंडीने साखर जात नाही. थंडीने जिभेला ती कळत नाही, एवढंच.

घरी येऊन मी पेइशानला बोललो. जोरात बोललो. ती ऐकून घेईल असं वाटलं होतं. तिने चॉपस्टिक ताटलीवर आडव्या ठेवल्या.

"बाबा, झालं तुमचं? आता मी बोलते. महिना झाला, मी कशी आहे हे तुम्ही एकदाही विचारलेलं नाही. आत्या फोन करते आणि विचारते, जेवलीस का. तुम्ही घरात शिरता आणि विचारता, किती आला."

"आकड्यावरूनच कळतं कशी आहेस ते."

"नाही कळत."

"मग आत्याला विचार तिचा आकडा किती आहे!"

हे माझ्या तोंडून गेलं. तिने ताटली बाजूला सारली.

मग ती म्हणाली, "बाळंतपणानंतरचा महिना माझा आत्याच काढेल. बाळंतिणींच्या केंद्रात जाणार नाही, तुमच्या हातचंही नको. आई गेल्यावर सहा वर्षं मी तिच्याजवळच होते, हा महिनाही तिच्याजवळच काढणार."

तर ताई, स्पष्ट लिहितो. तू यायचं नाहीस. महिन्याच्या नावाखाली तू तिळाच्या तेलातल्या कोंबडीत तांदळाची दारू ओतणार, काळ्या गुळाचं पाणी, खजूर, लाल चवळीची खीर, आणि वर म्हणणार, थोडंसंच घातलंय. मला ते माझ्या घरात चालणार नाही.

या महिन्यात आपल्या चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, लेकी माहेरी येतात त्या दिवशी, तू आली नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बागेत काम आहे, छीमिनला पाठवते म्हणालीस. छीमिन आला, एकटाच. दोन पेले पोटात गेले की तो काय काय बोलतो, हे त्याच्या आईला मी सांगायला नको. तो काय बोलला ते लिहीत नाही. तू स्वतः लिहिशील म्हणून थांबलो आहे. अजून किती थांबायचं ते कळव.

थिएनफू


दोंगगांग,
२१ एप्रिल

ताई,

क्षेमकुशल विचारत नाही. तू खरं सांगणार नाहीस.

तू आत्याआजी झालीस हे छीमिनने सांगितलंच असेल. मुलगी झाली, पंधरा तारखेला पहाटे. पेइशान बरी आहे. पोरगी आता बरी आहे. "आता" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, त्याच्यावरून घाईने पुढे जाऊ नकोस.

वजन तीन किलो नऊशे. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मी बाहेर बाकावर होतो. आत धावपळ झाल्याचं ऐकू आलं, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पाय वर घ्या, पोटावर दाबा," आणि मग पेइशानचा आवाज. तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, चौतीस वर्षांपूर्वी, तुझा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आकडे मोजत बसणाऱ्या मला! मग रडणं ऐकू आलं. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, सुटली, दोन्ही हात हलवते आहे. मी विचारलं, दोन्ही? ती म्हणाली, हो काका, दोन्ही. मी पुन्हा विचारलं. तिने मला पाणी आणून दिलं.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. तासाभराने पोर थरथरायला लागली, दूध ओढेना. टाचेला टोचून पाहिलं तर तिची साखर एकदम तळाला. लिनबाई सुटीवर होत्या, पण भेटायला आल्या होत्या, त्यांनी समजावलं. मी मला कळेल असं तुला लिहितो. नऊ महिने वरून माल येत होता, आतलं यंत्र तो उचलायला जोरात फिरत होतं. नाळ कापली, वरचा माल बंद. यंत्राला ते कुणी सांगायचं? ते फिरतच राहिलं आणि पोरीच्या अंगात होती नव्हती ती साखर खाऊन बसलं. तीन महिने मी घरातून साखर हाकलली आणि दवाखान्यात तीच साखर नळीने तिच्या हातात सोडली. दोन दिवस काचेच्या पेटीत होती. एवढासा हात, त्याला पट्टी, पट्टीवर अस्वलाचं चित्र.

त्या काचेबाहेर उभं राहून येणारे-जाणारे काय म्हणायचे माहीत आहे? "अगंबाई, केवढी गुटगुटीत! नशीबवान आजोबा!" एकीला तर मी म्हणालो, बाई, पुढे चला. डॉक्टर मात्र म्हणाले, शेवटचे दोन महिने आकडे सांभाळले म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर चार किलोच्या वर गेली असती. दुपारची सीताफळं आणि माझी पेज, दोन्ही त्यांना सांगितलं. लपवलं नाही.

कालपासून दोघी घरी आहेत. पेइशानची साखर उतरली आहे. पण डॉक्टरांनी मला नाही, तिला समोर बसवून सांगितलं. "आता बरी झालीस म्हणून विसरू नको. दीड महिन्याने पुन्हा तपास, आणि मग दरवर्षी. गरोदरपणात ज्यांची साखर अशी वाढते, त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढे कायमचा मधुमेह गाठतो. सौम्य होती त्यांनाही."

पेइशानने विचारलं, "आत्याला झालं तसं?"

डॉक्टरांना काय माहीत हिची आत्या कोण. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोरीच्या दुपट्याची घडी सारखी करत म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे. छीमिनने मलाही सांगितलं. तुम्हाला नको सांगू म्हणाला."

"मला कोण सांगू नको म्हणालं माहीत आहे?" मी म्हणालो. "छीमिनच. तुला नको सांगू म्हणाला."

आम्ही दोघं त्या खोलीत मूर्खासारखे बसलो. ती हसली आणि लगेच रडायला लागली.

तर ऐक. मला माहीत आहे. जानेवारीच्या शेवटी तुझ्या उजव्या पायाची दोन बोटं कापली. बागेत काटा लागला होता, तुला कळलाच नाही, कारण तुझ्या पावलांना काही कळायचं कधीच बंद झालं होतं. काळं पडेपर्यंत तू मोजे चढवून हिंडलीस आणि भाऊजींना म्हणालीस, थोडंसं लागलंय. फेब्रुवारीत, चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, तू बागेत नव्हतीस, ताइतुंगच्या दवाखान्यात पाय टांगून पडली होतीस. आणि त्या पलंगावरून तू माझ्या पोरीला फोन करून विचारत होतीस, जेवलीस का! समोरच्या गाड्यावर पेट्या पाठवायला सांगत होतीस!

मी "यायचं नाहीस" असं लिहिलं तेव्हा वाटलं, आता ही भांडेल. चवताळून फोन करेल, म्हणेल, तू कोण मला अडवणारा, येते बघ. आणि मग तिला सांगावं लागेल की येता येत नाही, आणि का येत नाही. मी त्या भांडणाची वाट पाहत होतो. तुझं उत्तर काय आलं? "बरं." फक्त "बरं." आयुष्यात पहिल्यांदा तू माझं मुकाट्याने ऐकलंस. त्या रात्री मी जेवलो नाही. पेइशानने विचारलं, मी म्हणालो, मासा शिळा होता. मासा त्याच दिवशीचा होता.

मला इतका राग कधीच कुणाचा आला नव्हता. बाप बुडाला तेव्हा समुद्राचा आला नव्हता. मी नऊ वर्षांचा, तू अठराची, कोळंबी सोलून सोलून तुझी बोटं फाटलेली असायची. तू तेव्हाही म्हणायचीस, थोडंसं दुखतंय. हा शब्द मी तुझ्याकडूनच ऐकत आलो. ताई, तुझं सगळं थोडंसं असतं. आणि आम्ही तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण तसं करणं आम्हाला सोयीचं पडतं. छीमिनला, भाऊजींना, मला.

पेइशान काल रात्रभर पोरीला घेऊन बसली होती. मी सूप केलं. तिळाचं तेल, आलं, कोंबडी. दारू नाही, गूळ नाही. तिने चाखलं आणि म्हणाली, "ठीक आहे." आत्याच्या हातचं नाही, असं म्हणाली नाही. एवढी दया तिने माझ्यावर केली. पण ती खिडकीतून रस्त्याकडे बघत बसते. पोरगी उचलून कशी धरायची, आंघोळीचं पाणी किती कोमट, दूध दाटलं तर काय, हे ती मला विचारत नाही आणि मला ते माहीतही नाही. हे कुठल्याच भंगारातून खोलून-जोडून शिकता येत नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी फांगल्याओ स्टेशनवरून ताइतुंगला निघतो आहे. त्या दिवशी पेइशानजवळ आ-ल्वान थांबेल. तुला घेऊन परत यायचं आहे. कुरकुर ऐकणार नाही. बाग छीमिन बघेल, त्याच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही तर हाताला तरी काम लागू दे. भाऊजी यायचे असतील तर येऊ देत. इथल्या दवाखान्यात पायाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. लिनबाईंना तुझ्याबद्दल सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "काका, आत्याबाईंनाही घेऊन या, दोघींचं जेवण एकाच चुलीवर करू." तू बसून सांगायचं, मी उभा राहून करायचं. मीठ कमी पडलं तर शिव्या घाल. पोर मांडीवर द्यायचं काम पेइशानचं, घ्यायचं तुझं; ते बसून होतं, त्याला पाय लागत नाही.

तुझे कपडे मी भरीन. गोळ्यांचा डबा कुठे ठेवतेस तेवढं छीमिनला सांगून ठेव. पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही. चुंगयेनचा फोन लागत नाही, आणि पेइशान म्हणते, आत्या आल्याशिवाय नाही.

गाडी दुपारी पोचेल. स्टेशनवरून मी चालत येईन, कुणाला पाठवू नकोस. आणि माझा आवाज ऐकलास तरी दार उघडायला उठू नकोस. कडी काढून ठेव. मी आत येतो.

तुझ्यावर अजून रागावलेला,
थिएनफू